तांबळवाडीची खिडकी

"पत्ता दे," एस्तेर म्हणाली.

सकाळचे साडेअकरा वाजले असतील. परभणीच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी बोर्डावर बसले होते. कानाला हेडफोन, हातात कॉर्ड आणि नगरच्या लाइनवर एस्तेरचा आवाज. ती तिथल्या बोर्डावर, मी इथल्या. कॉलची गर्दी ओसरली की आम्ही अशी दोन-चार वाक्यं बोलून घ्यायचो. त्यात नवीन काही नव्हतं.

"कसला पत्ता?"

"वहीतल्या घराचा गं. तांबळवाडीच्या. मे महिन्यात तुम्ही दोघं राहून आलात ते."

मी कॉर्ड भलत्याच भोकात घातली आणि जिंतूरच्या एका कापडवाल्याला सेलूचं पोलीस ठाणं जोडून दिलं. नऊ वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. त्याची क्षमा मागून, लाइन सोडवून मी परत एस्तेरकडे आले.

"कशाला हवाय?"

"सरांना घेऊन जायचंय."

सर म्हणजे तिचा नवरा, भास्कर शिरसाट. नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. लग्नाला सहा वर्षं झाली तरी एस्तेर त्यांना सरच म्हणायची आणि तिच्यामुळे आम्हीही. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या मणक्यात गाठ निघाली. दिवाळीपर्यंत ते खाटेला खिळले.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"नाताळ गाठतील का ते सांगता येत नाही म्हणाले." लाइन बिझी आहे हे आम्ही ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात तिने हे सांगितलं. "कुमुद, तुझं ते पान मी त्यांना वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून वही इथेच अडकली आहे, आता रोज तेवढंच वाचायला लावतात. सव्वीस वर्षं फळ्यावर भरती-ओहोटी काढली, म्हणतात, पण एक अख्खी भरती सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी बघितली नाही. आता बसवतही नाही. जे काय बघायचं ते आडवं पडूनच. आणि आडवं पडून समुद्र दिसतो असं एकच घर आम्हाला माहीत आहे."

"माझं," मी म्हटलं.

"तुझं. पुढच्या गुरुवारी निघतोय. चर्चची मॅटॅडोर मिळाली आहे, मागे गादी टाकून नेऊ. पत्ता दे म्हणजे त्या गयाबाईंना पत्र टाकते."

खरं बोलायला तेवढा वेळ पुरे होता. एस्तेर, मी तांबळवाडीला कधी गेलेच नाही. तसं घर नाही. एवढी दोनच वाक्यं होती. पण त्या दोन वाक्यांच्या मागे तिसरं एक होतं, आणि ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "पत्ता माझ्यापाशी नाही. पण तू पत्र नको टाकूस. मालवणच्या एक्स्चेंजमध्ये माझ्या ओळखीचे आहेत, मीच परस्पर कळवते."

मालवणच्या एक्स्चेंजमध्ये माझ्या ओळखीचं काळं कुत्रंही नव्हतं.

वहीचं सांगायला हवं. आम्ही तिघी, मी, एस्तेर आणि जुबेदा, शहात्तर साली औरंगाबादच्या एक्स्चेंजमध्ये एकदमच लागलो आणि तीन वर्षं एका खोलीत राहिलो. पुढे लग्नं झाली, बदल्या झाल्या. एस्तेर नगरला गेली, मी परभणीला आले, जुबेदा औरंगाबादलाच राहिली. बोर्डावरून बोलणं व्हायचं, पण ते तुटक, शिवाय सुपरवायझर डोक्यावर. म्हणून जुबेदाने एक दोनशे पानी वही सुरू केली. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती रजिस्टर पोस्टाने फिरायची. जुबेदाकडून माझ्याकडे, माझ्याकडून एस्तेरकडे, तिच्याकडून परत जुबेदाकडे. प्रत्येकीने आठ दिवस ठेवून घ्यायची, कुठे गेलो, काय बघितलं, घरी काय चाललंय ते सगळं लिहायचं आणि पुढे धाडायची. आता आम्हा तिघींचा फोनवर ग्रुप आहे. जुबेदाची नात दुबईच्या बागेत घसरगुंडीवर बसली की पाचव्या मिनिटाला मला दिसते. वहीला मात्र तीन-तीन महिने लागायचे, आणि पोस्टमनने रजिस्टर म्हणून हाक मारली की मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून दाराकडे धावायची.

काय काय होतं त्या वहीत. जुबेदा जावेबरोबर अजमेरला गेली तेव्हा जावेची एक चप्पल गाडीखाली पडली आणि त्या बाईने उरलेली एक चप्पल चार दिवस हातात घेऊन सगळं अजमेर पालथं घातलं. सरांनी महाबळेश्वरला शाळेची सहल नेली आणि दर अर्ध्या तासाने पोरं मोजून मोजून एस्तेरच्या डोक्याचं भरीत केलं. कुणाच्या सासूचा मोतीबिंदू, कुणाचा नवा कुकर. पहिल्याच पानावर तीन नियम होते. जिथे गेलो ते सविस्तर लिहायचं. वही आठ दिवसांवर ठेवायची नाही. आणि तिसरा, वहीत रडायचं नाही. आम्ही दिवसभर लोकांचं रडणं कानात घेऊन बसायचो. अर्जंट कॉल म्हणजे कुणीतरी गेलेलं किंवा जायला टेकलेलं. निदान घरच्या वहीत तरी ते नको, असा तो विचार होता. तो तिसरा नियम माझा. अक्षरही माझंच.

आणि त्या पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात मी वहीत हे लिहिलं होतं:

"गयाबाईंच्या घरात खाट खिडकीला लावलेली आहे. उशीवरून नुसती मान वळवली की समुद्र. उठावं लागत नाही. सकाळी चहाच्या वेळी पाणी अगदी तळाशी असतं. मग चढायला लागतं. जेवणं होईतो खिडकीच्या अर्ध्यावर येतं आणि संध्याकाळी परत खाली. आठही दिवस मी एवढंच बघितलं. गयाबाई पेज आणून द्यायची आणि म्हणायची, पडून राहा बाई, पाणी कुठे पळून जात नाही."

तांबळवाडी हे नाव मी बोर्डावर ऐकलेलं. परभणीतल्या कुणी बँकवाल्याने तिथल्या पोस्टात निरोपाचा कॉल बुक केला होता. मालवणजवळचं समुद्रकाठचं गाव, एवढंच मला ठाऊक. खिडकी खरी होती, गयाबाईही खरी. समुद्र मात्र नव्हता.

त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. माझे यजमान पाटबंधारे खात्यात, मुळात कमी बोलणारे. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "सांगून टाक तिला."

"काय सांगू?"

"गेलो नव्हतो म्हणून."

"मग ती विचारेल, होतीस कुठे."

ते उठून कप विसळून आले. म्हणाले, "मग घर शोध."

असं म्हणायला काय जातं, असं मनात आलं. पण रात्रभर पडल्या पडल्या तेच डोक्यात राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्ड जरा मोकळा झाल्यावर मी औरंगाबाद मागितलं. जुबेदाच होती. "पुणे दे," म्हटलं. "कशाला गं?" "दे गं, नंतर सांगते." पुण्याने कोल्हापूर दिलं, कोल्हापूरने कुरकुर करत सावंतवाडी दिलं आणि सावंतवाडीने मालवण. पाच एक्स्चेंजांच्या पलीकडून एक वयस्कर आवाज आला.

"मालवण. बोला."

"परभणीहून बोलतेय. ऑपरेटर कुमुद लोखंडे."

"परभणीसून?" आवाजाला मजा वाटली असावी. "परभणीक मालवणात काय काम पडला? बोला, मी परुळेकर."

मी एका दमात सांगितलं. तांबळवाडीत एक घर हवंय, दहा-बारा दिवसांसाठी, आजारी माणसाला. खाटेवर पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे.

"ओ बाय," परुळेकर म्हणाले, "हंय सगळ्याच घरांतसून समुद्र दिसता. पण खाटेर पडान? समुद्र काय खाटेर पडान बघूची वस्तू असा?"

"ते उठू शकत नाहीत हो. फार दिवस नाहीत त्यांचे."

लाइनवर नुसती खरखर. मला वाटलं तुटली. मग ते म्हणाले, "आयतवारी माका सुट्टी. सायकलीन जाऊन बघतंय. सोमवारी ह्याच टायमाक करा."

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सोमवारी परत पाच एक्स्चेंजा ओलांडल्या. कोल्हापूरवाली आता ओळखीची झाली होती, तिने न विचारताच पुढे जोडून दिलं.

"घर गावला," परुळेकर म्हणाले. "आनंदीबाय म्हणान असा, घोव बोटीर असता, घरात एकटीच. माजघराची खिडकी सरळ समुद्रार. पण खिडकी खाटेपेक्षा हातभर उंच. मी सोता आडवो पडान बघितलंय, नुसता आभाळ दिसता."

"मग काय उपयोग?" मी म्हटलं.

"ऐका तरी पुढे. खाटेच्या चार पायांखाली दोन-दोन चिरे घातले. परत आडवो पडलंय. आता दिसता."

मी त्यांना काय बोलले आठवत नाही. आभार बहुतेक मानलेच नाहीत, कारण त्याहून अवघड काम पुढे होतं. "परुळेकर, आणखी एक आहे. त्या बाईंनी स्वतःचं नाव गयाबाई सांगायचं."

"काय?"

"गयाबाई. आणि म्हणायचं की मे महिन्यात परभणीची कुमुदबाई आणि तिचे यजमान येऊन राहून गेले. उंच बाई, चष्मा लावणारी. बस, एवढंच. जास्त काही बोलायचं नाही."

"गयाबाई ह्या नाव आमच्या अख्ख्या तालुक्यात नाय," ते म्हणाले. मग, "तुम्ही हंय कधी इल्लात?"

"नाही."

मी वाट बघत होते की आता ते विचारतील, मग हे नाटक कशासाठी. त्यांनी नाही विचारलं. ऑपरेटर माणसाला दुसऱ्याच्या लाइनवर किती वेळ थांबायचं ते कळतं. "बरां," ते म्हणाले. "आनंदीबाय हुशार असा. काळजी करू नकात."

गुरुवारी एस्तेर आणि सर निघाले. एक मुक्काम कोल्हापूरला, मग घाट उतरून शुक्रवारी दुपारी तांबळवाडी. शनिवारी मालवणहून परुळेकरांचा निरोप पुणे, औरंगाबाद करत जुबेदाकडून माझ्यापर्यंत पोचला. माणसं सुखरूप पोचली, चिरे हलले नाहीत.

"कसले चिरे गं?" जुबेदाने विचारलं.

"खाटेचे," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

पुढचे अकरा दिवस मी तांबळवाडीतच होते म्हणायला हरकत नाही. भाजी चिरताना वाटायचं, आनंदीबाईचं आता बिंग फुटलं असेल. शेजारीण येऊन आनंदे म्हणून हाक मारेल आणि एस्तेर बघत राहील. सरांना कळलं तर? मरायला टेकलेल्या माणसाला मी खोट्या घरात पाठवलं होतं. ते माझ्या पानावर विश्वास ठेवून दीडशे कोस गादीवर पडून गेले होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. ह्यांनी एकदा विचारलं, "झोप लागत नाही का?" मी भिंतीकडे तोंड केलं.

ते परत आले. एस्तेर बोर्डावर रुजू झाल्यावर मी विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं," ती म्हणाली. "तू लिहिलंस तसंच." बस. त्यावर एक शब्द जास्त नाही.

सरांनी नाताळ गाठला. पंचवीसच्या सकाळी चर्चमधली मंडळी घरी येऊन गाऊन गेली, ती त्यांनी ऐकली म्हणे. सव्वीसला गेले. तो अर्जंट कॉल नगरहून दुसऱ्याच ऑपरेटरने लावला आणि मीच घेतला.

मला जायला मिळालं ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. एस्तेरचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. दुपारची वेळ होती. भेटायला येणारी माणसं आता संपली होती. सरांची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. एस्तेर मला बघून रडली नाही. स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला, ह्यांची चौकशी केली, एस.टी.ला गर्दी होती का विचारलं. मग कपाटातून वही काढून माझ्यासमोर ठेवली.

"माझं पान लिहून झालंय. जुबेदाकडे धाडायच्या आधी तू वाच."

मी उघडलं. डाव्या हाताला माझं मे महिन्याचं पान. समोर एस्तेरचं. प्रवासाचं सगळं होतं, घाटात सरांना मळमळलं ते, माशांच्या कालवणाचं, आणि एक ओळ अशी: "गयाबाईंनी कुमुदची फार आठवण काढली." खाली मात्र एक तक्ता होता. तारीख आणि तिच्यासमोर वेळ. पहिल्या दिवशी नऊ चाळीस. दुसऱ्या दिवशी साडेदहा. तिसऱ्या दिवशी अकरा वीस. असे अकरा आकडे.

"हे काय?"

"दिवसाच्या भरतीच्या वेळा. सर पडल्या पडल्या सांगायचे आणि मी लिहायची. पाणी किनाऱ्यावरच्या एका खडकाला लागलं की, आता घड्याळ बघ, म्हणायचे." ती चहा गाळत होती, माझ्याकडे तिची पाठ होती. "भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते, कुमुद. चंद्रामुळे. सातवीच्या पुस्तकात आहे."

मी माझ्या पानाकडे बघितलं. आठही दिवस, जेवणं होईतो खिडकीच्या अर्ध्यावर.

"जुबेदाला आकडे दिसले की ती पान उलटते," एस्तेर म्हणाली. "तिला नाही कळायचं."

"तुला कधी कळलं?"

"मला तिथे गेल्यावर. चिऱ्यांना अजून ताजी माती चिकटलेली होती, आणि बाहेरून कुणीतरी आनंदे, आनंदे करून ओरडत होतं. पण सरांना पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हाच कळलं होतं. जुलैमध्ये. मला बोलले नाहीत. तिथे चौथ्या दिवशी सांगितलं. म्हणाले, आठ दिवस एकाच वेळेला चढायला तो काय समुद्र आहे? ते तर नळाचं पाणी."

मला हसू आलं. खरंच आलं, आणि ते कुठे थांबवावं ते कळेना. "नळाचंच होतं," मी म्हटलं. "दवाखान्याची टाकी होती. सिमेंटची. सकाळी पंप लागला की भिंतीवर ओल वर वर चढायची. संध्याकाळी वाळायची."

एस्तेरने चहाचे कप खाली ठेवले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"मग सर तरी निघाले कशाला?" मी विचारलं. "घर नाही हे ठाऊक असताना?"

"तेच विचारलं मी. म्हणाले, घर नसेल, समुद्र तर असेल ना. एवढी मॅटॅडोर जोडलीय तर कुठे तरी किनाऱ्याला लावू." ती जराशी हसली. "तर तिथे घरच उभं. चिऱ्यांसकट. सर इतके खूश झाले की बास. म्हणाले, बघ, तुझ्या मैत्रिणीने माझ्यासाठी पान खरं करून ठेवलं."



"आणखी म्हणाले, हिने समुद्र बघितलेला नाही, पण खाट बघितली आहे. उशीवरून मान वळवली की काय दिसतं ते उभ्या माणसाला सुचत नाही. मी पावसाळ्यापासून पडून आहे, मला ते पान वाचल्याबरोबर ओळखू आलं. परत गेलो की विचार तिला, मे महिन्यात कुठे पडली होतीस म्हणून. मी म्हटलं, विचारते. आल्यावर सवडच झाली नाही."

बाहेर शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि पोरांचा कालवा सुरू झाला. तो जरा ओसरेपर्यंत एस्तेर थांबली.

"आणि आणखी एक आहे. त्या आनंदीबाईंना तू काय शिकवून ठेवलं होतंस?"

"उंच बाई, चष्मा, यजमान. एवढंच."

"मला वाटलंच. ती बाई भारी बोलकी. एक दिवस मासे साफ करत होती, मी सहज विचारलं, कुमुद इथे दिवसभर करायची तरी काय? तर म्हणाली, करणार काय, पोर कुठे सोडत होतं तिला. कडेवर मुलगी होती, म्हणाली, चार-पाच महिन्यांची. भारी रडकी."

मी चहाच्या कपाकडे बघत राहिले. साय धरली होती.

"मी तिला म्हटलं नाही की आमच्या कुमुदला मूल नाही म्हणून," एस्तेर म्हणाली. "काय माहीत का, जीभच वळली नाही. तिने बिचारीने आपलं खरं वाटावं म्हणून घातलं असेल. लग्न होऊन इतकी वर्षं झालेली बाई, म्हणजे पोर असणारच. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मुलगी होती का, कुमुद?"

"होती," मी म्हटलं.

तोवर हा शब्द मी उच्चारला नव्हता. सासूबाई म्हणाल्या होत्या, पाच वर्षांनी दिवस राहिलेत, सातवा लागेपर्यंत कुणाला बोलू नकोस, दृष्ट लागते. मी बोर्डावर बसून रोज एस्तेरशी आणि जुबेदाशी बोलायची आणि जीभ चावून गप्प राहायची. ठरवलं होतं की मे महिन्यात वही आली की तिच्यातच लिहायचं, दोघींना एकदम वाचू दे. आठव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. मला दवाखान्यात नेलं. मुलगी आहे एवढं नर्स दुसरीला सांगताना मी ऐकलं. मला दाखवली नाही. बघू नये म्हणतात. हे तिला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले आणि कुठे नेली ते मी आजवर विचारलेलं नाही. नंतर ताप चढला आणि मी तीन आठवडे त्या खिडकीशी पडून होते. गयाबाई तिथली आया. तिच्याशिवाय माझ्याशी कुणी धड बोलायचं नाही, सगळे नुसते माझ्याकडे बघून डोळे पुसायचे. त्याच दिवसांत घरी रजिस्टर आलं. माझं मन रमेल म्हणून ह्यांनी वही दवाखान्यात आणून दिली. जिच्यासाठी पान राखून ठेवलं होतं तीच नव्हती, आणि वहीत रडायचं नाही हा नियम माझाच होता. मग मी टाकीकडे तोंड करून समुद्र लिहिला.

हे सगळं मी एस्तेरला सांगितलं. वाकडंतिकडं, मागचं पुढे, पुढचं मागे. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मी सरांचा शोक करायला आले होते आणि आपलंच घेऊन बसले, हे मध्येच माझ्या ध्यानात आलं आणि मी थांबले. तर ती म्हणाली, "बोल. त्यांनीच विचारायला सांगितलं होतं." मग आम्ही दोघीही रडलो. तिचं किती आणि माझं किती ते कुणी बघत बसलं नाही.

चहा पार गार झाला होता. तिने तो परत गरम करून आणला. संध्याकाळच्या गाडीने मला निघायचं होतं. मी तोंड धुऊन आले, केस सारखे केले, पिशवी भरली. दारापर्यंत गेले आणि परत येऊन तिच्याशेजारी बसले.

"एस्तेर, ती बाई काय म्हणाली ते परत सांग."

"कोण? आनंदीबाई?"

"हो. मुलीचं. सगळं सांग. काही गाळू नकोस."

एस्तेरने माझ्याकडे बघितलं. मग तिने पदर सारखा केला, मांडी घालून नीट बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली. मे महिना होता. उकडत होतं. पोर काही केल्या झोपेना, नुसती रडत होती, आणि कुमुदबाईंचे हात भरून आले होते. मग आनंदीबाई म्हणाल्या, आणा तिला इकडे जरा. तिला घेऊन त्या परसात गेल्या. फणसाखाली वारा होता. तिथे तिला खांद्यावर टाकून हळूहळू थोपटलं, समुद्राकडे तोंड करून.

"मग?" मी विचारलं.

"मग गप्प झाली," एस्तेर म्हणाली. "तिथेच झोपली."